पंप कपाटातच का राहतो?

कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रातल्या नव्या संचांवरून नागपुरात वाद पेटला, २९ मे २०२३ ला जनसुनावणी झाली, तेव्हापासून लेकरांच्या दम्याचा विषय आपल्या बोलण्यात सतत येतो. दर हिवाळ्यात हवा जमिनीलगत दाटून बसते, तिच्यात दिवाळीचा धूर मिसळतो, आणि तो विषय पुन्हा निघतो. एक बाजू म्हणते, सगळा दोष हवेचा. राख, कोळसा, सिमेंट रस्त्यांची धूळ थांबवा, मुलांचा श्वास आपोआप मोकळा होईल. दुसरी बाजू म्हणते, आम्ही चुलीच्या धुरात वाढलो, आम्हाला काय झालं? आताची पोरंच नाजूक, आणि त्यांच्या आया फाजील काळजी करणाऱ्या. हा वाद मला फार वाईट तऱ्हेने चाललेला दिसतो, कारण दोन्ही बाजूंनी मिळून एक गोष्ट बाहेर ठेवली आहे. दमा असलेलं मूल कोणत्या घरात झोपतं, त्याचं औषध कोणाच्या हातात असतं, शाळेत त्याला कोण काय म्हणतं, त्याची आई रात्री किती वेळा उठते, याबद्दल कोणी बोलत नाही. पहिल्या बाजूला वाटतं, हे काढलं की चिमणी सुटली. दुसरी बाजू हे काढते, पण आईला नावं ठेवण्यापुरतंच.

माझं म्हणणं असं आहे. मुलांच्या दम्याचा आणि अ‍ॅलर्जीचा मन, घर आणि वागणूक या अंगांनी जगभरात गेली सत्तर-ऐंशी वर्षं अभ्यास झाला आहे. त्यातलं जे टिकलं, ते आपल्या सरकारी दवाखान्यांच्या आणि शाळांच्या रोजच्या कामात यायला हवं, औषधाइतक्याच हक्काने. त्याने प्रदूषणाविरुद्धची बाजू लंगडी पडत नाही. उलट, आज आपण मांडतो त्यापेक्षा ती कितीतरी भक्कम होते.

हवेबद्दल मी कोणतीही खळखळ करणार नाही. कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत, पलीकडे खापरखेड्याला १३४० मेगावॅटचं केंद्र आहे. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा ती राख पाण्यात कशी पसरते ते अख्ख्या जिल्ह्याने पाहिलं. वीज केंद्रांच्या धुरातल्या गंधकाच्या वायूसाठी २०१५ च्या डिसेंबरात निकष आले आणि त्यांच्या मुदती एकामागून एक पुढे ढकलल्या गेल्या. पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था, नीरी, ज्या शहरात आहे त्याच शहराचं नाव राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत, म्हणजे हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांत आहे. सूक्ष्म धुळीने आणि वाहनांच्या धुराने दम्याचे झटके वाढतात, हे आता वादातीत आहे. कोराडीलगतच्या महादुला किंवा सुरादेवी गावातल्या आईला कोणी ‘घरात शांतता ठेवा, पोराचा दम जाईल’ असं सांगत असेल, तर ती थट्टा आहे.

मनाचा विषय नको म्हणणाऱ्यांकडे याहून मोठा एक मुद्दा आहे, इतिहासाचा, आणि तो मला सगळ्यात जास्त बोचतो. १९५० साली शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी मनातून उद्भवणाऱ्या आजारांबद्दल लिहिलं. त्यातले सात आजार पुढे प्रसिद्ध झाले. दमा त्यांपैकी एक, पोटातला अल्सर दुसरा. दमेकरी मुलाची घरघर म्हणजे आईसाठी दाबून ठेवलेलं रडू, असं तेव्हा गंभीरपणे मांडलं जाई. आई जास्त जवळ घेते म्हणून दमा, आई झिडकारते म्हणूनही दमा. काहीही केलं तरी दोषी तीच. अमेरिकेत डेन्व्हरच्या एका संस्थेत दमेकरी मुलांना महिनोन्महिने, कधी वर्षाहून जास्त, आईवडिलांपासून तोडून ठेवत. मरी पेश्किन नावाच्या डॉक्टरांनी या उपायाला ‘पेरेंटेक्टमी’ असं शस्त्रक्रियेच्या थाटाचं नाव दिलं होतं. आणि अल्सरचं काय झालं? १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांना त्याच्या मुळाशी एक जिवाणू सापडला, २००५ ला त्यांना नोबेल मिळालं, आणि ‘चिंतेमुळे अल्सर होतो’ हे अनेक दशकांचं ज्ञान मोडीत निघालं. उद्या दम्याचंही तसंच होणार नाही कशावरून? ज्यांना मनाच्या भाषेची धास्ती वाटते, त्यांची धास्ती खरी आहे. त्या भाषेने बायकांचा छळ केला आहे.

पण तो छळ थांबवला कोणी? त्याच विषयातल्या पुढच्या पिढीने, आणि तीही मोजमाप करून. १९६९ मध्ये केनेथ पर्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच जुना प्रयोग उलटा केला. मुलांना घरातच ठेवलं आणि घरच्यांना पंधरवडाभर बाहेर राहायला पाठवलं. धूळ तीच, अंथरूण तेच, माणसं मात्र नाहीत. काही मुलांचा दमा कमी झाला, काहींचा मुळीच झाला नाही. म्हणजे ‘सगळ्या दमेकरी मुलांची आई’ नावाची कोणी बाई नसतेच. काही मुलांत घरातला ताण झटका आणतो, काहींत नाही, आणि कोणत्या मुलात काय हे विचारल्याशिवाय कळत नाही. त्याच्या वर्षभर आधी ल्युपारेलो आणि मंडळींनी चाळीस दमेकरी माणसांना नुसत्या मिठाच्या पाण्याची वाफ दिली आणि सांगितलं, यात तुम्हाला त्रास देणारा पदार्थ आहे. त्यातल्या १९ जणांच्या श्वासनलिका यंत्रावर मोजता येईल इतक्या आवळल्या, बारा जणांना पुरता झटका आला. मग तीच वाफ औषध म्हणून दिली तेव्हा त्या मोकळ्या झाल्या. या प्रयोगातून दोन अर्थ काढता येतात. एक, ‘बघा, सगळं मनाचंच आहे.’ दुसरा, श्वासनलिका आवळण्यात मनाचा हात असतो, पण आवळलेली नलिका खरीच असते. पहिला अर्थ काढणारा मुलाला नाटकी ठरवतो. दुसरा अर्थ काढणारा त्याला पंप, म्हणजे इन्हेलर, देतो आणि सोबत धीरही देतो. चाळीसांतल्या एकवीस जणांना काहीच झालं नाही, हेही पहिला अर्थ काढणारे सोयीने विसरतात.

त्यानंतर या संशोधनाचा मुख्य प्रश्नच बदलला. दमा कोणामुळे झाला हे विचारणं मागे पडलं, आणि औषध असूनही ते मुलाच्या छातीत का पोचत नाही, हे विचारणं सुरू झालं. डेन्व्हरच्याच भूमीवर थॉमस क्रीअर यांच्यासारख्यांनी मुलांना आपला दमा आपण कसा ओळखावा आणि सांभाळावा हे शिकवण्याचे कार्यक्रम उभे केले. १९९६ मध्ये मिलग्रोम यांनी आठ ते बारा वर्षांच्या मुलांच्या पंपात मोजणारं यंत्र बसवलं. घरच्यांनी वहीत भरलेल्या नोंदीप्रमाणे औषध सुमारे ९५ टक्के वेळा घेतलं गेलं होतं. यंत्राप्रमाणे ५८ टक्के. ज्या मुलांचा दमा इतका बिघडला की स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागल्या, त्यांच्यात हा आकडा १४ टक्क्यांच्या आसपास होता. आणि ही मुलं आपण अभ्यासात आहोत हे माहीत असलेली होती. जे डॉक्टर ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून डोस वाढवतात, त्यांच्यापुढे हा आकडा रोज असायला हवा.

मी नागपुरात शाळेत शिकवत आले, त्यामुळे हे आकडे मला परके वाटत नाहीत. महाल भागातल्या एका घरी मी पाहिलं ते सांगते. स्पेसर, पंपाला लावायचा तो प्लास्टिकचा फुगीर नळा, जुन्या ओढणीत गुंडाळून तांदळाच्या डब्यामागे ठेवलेला. पाहुणे असले की तो निघत नाही. ते गेल्यावर आजी दाराची कडी लावते, मुलगी डबा सरकवून तो काढते, पंप हलवते, दाबते. मास्क नाकाला नीट टेकलेला नाही, मुलगी एका उथळ श्वासात आटोपते, कारण बाहेरून काकूची हाक आली आहे. औषध जिभेवर बसलं, छातीत गेलंच नाही. वहीत मात्र ‘घेतलं’ अशी खूण होणार. आजीला विचारलं, इतकं लपवायचं कशाला? ती म्हणाली, “मास्तरीणबाई, पोरीची जात हाये. उद्या कोनाले समजलं तं लग्न कसं जमन तिचं?” मुलगी चौथीत होती. ती आजी काही अडाणी नव्हती आणि दुष्ट तर मुळीच नव्हती. तिला आपलं गणगोत माहीत होतं. तिच्या हिशेबात दम्याने होणारा त्रास आणि दम्याच्या नावाने होणारा त्रास असे दोन आजार होते, आणि दुसरा तिला जास्त धोक्याचा वाटत होता.

‘पंपाची आदत लागते’ हे वाक्य तर आपल्याकडे उंबऱ्या-उंबऱ्यावर ऐकू येतं. ‘शेवटचा उपाय आहे तो’, ‘स्टेरॉइड हाये त्याच्यात, पोरगं वाढनार नाही.’ या शेवटच्या भीतीत तथ्याचा एक कण आहे. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात लहानपणी पंपातून नियमित बुडेसोनाइड हे स्टेरॉइड घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची इतरांपेक्षा सरासरी १.२ सेंटीमीटर कमी भरली. हे लपवू नये, आईला सांगावं, आणि त्याच दमात हेही सांगावं की उपचार न झालेला दमाही वाढ खुंटवतो, झोप खातो, आणि जीवही घेतो. आपण काय करतो? डॉक्टर ‘दमा’ शब्द टाळून ‘अ‍ॅलर्जिक ब्रॉन्कायटिस’ लिहितात, आईला बरं वाटतं, सिरप सुरू होतं, रात्री छाती भरली की दवाखान्यात नेऊन वाफ दिली जाते, सकाळी मूल खेळायला लागतं आणि सगळे विसरतात. आजाराला नावच नाही, तर रोजचं प्रतिबंधाचं औषध कोणत्या कारणाने चालू राहील?

याच घरांतली माणसं कोजागिरीच्या रात्री खिरीतून दिलं जाणारं दम्याचं औषध घ्यायला उघडपणे रांगेत उभी राहतात. मृगाला हैदराबादेस माशाचं औषध घ्यायला अख्खं कुटुंब रेल्वेने जातं. त्या औषधांनी दमा बरा होतो याला पुरावा नाही, आणि त्यापायी पंप सोडणं जिवावर बेतू शकतं. तरी सुशिक्षितांनी तिथे हसून पुढे जावं हे मला पटत नाही. त्या रांगेत लाज का नाही? कारण तिथे सगळेच दमेकरी असतात. कोणीतरी सोबत आलेलं असतं, वेळ ठरलेली असते, पथ्य नीट समजावून सांगितलं जातं, आणि औषध देणारा माणूस रुग्णाकडे पाहून बोलतो. आपल्या बालरोग ओपीडीत दोन मिनिटांत चिठ्ठी हातात पडते, यातलं काहीच मिळत नाही. पंप लपवावा लागतो आणि तो एकट्याने घ्यावा लागतो. घरच्या नित्यक्रमात औषध बसलं की ते टिकतं, हे बार्बरा फीझ यांच्यासारख्या कुटुंबाचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवलं आहे. आपल्या लोकांना ते मुळातच ठाऊक आहे. मेडिकलवाल्यांनी, म्हणजे आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी, ते त्यांच्याकडून शिकावं.

विदर्भाला तर हे सगळं एका जुन्या आजाराने शिकवलेलं आहे. मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं १९३६ मध्ये. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन त्यानंतरचं. कुष्ठरोगावरची डॅप्सोन गोळी चाळीसच्या दशकात आली, अनेक औषधांचा एकत्र उपचार १९८१ पासून. औषध फुकट होतं, हमखास गुण देणारं होतं. तरी लोक चट्टा लपवत राहिले, बोटं झडेपर्यंत दवाखान्यात आले नाहीत. का? जंतू जितका त्वचेत होता तितकाच तो समाजाच्या नजरेत होता, आणि नजरेवर गोळी चालत नाही. तिथे माणसं घरोघर गेली, बाधितांच्या हातचं खाल्लं, त्यांना काम दिलं, तेव्हा लोक पुढे आले. त्या काळी कोणी म्हणालं का, की कलंकाबद्दल बोलणं म्हणजे जंतूला सूट देणं? टीबीतही हेच. १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासाने दाखवून दिलं की घरी राहून औषध घेणारा रुग्ण सॅनेटोरियममधल्या इतकाच बरा होतो, पण त्यासाठी औषध घेतलं जातंय याची खातरजमा करणारं कोणीतरी लागतं. आज टीबीच्या रुग्णाच्या घरापर्यंत सरकार माणूस पाठवतं, आहारासाठी खात्यात पैसे टाकतं. रुग्णाच्या वागणुकीचा इतका विचार करूनही त्याला कोणी दोषी धरत नाही. मग दमेकरी लेकराच्या बाबतीत वागणुकीचा शब्द निघाला की आपण का दचकतो?

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. १९९८ मध्ये ५६ देशांतल्या मुलांचा दमा आणि अ‍ॅलर्जी यांचा प्रचंड अभ्यास प्रसिद्ध झाला. दम्याची लक्षणं सर्वांत जास्त कुठे आढळली? ब्रिटन, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड. भारत खालच्या गटात होता. न्यूझीलंडची हवा नागपूरपेक्षा कैक पटींनी स्वच्छ, म्हणजे दमा जडतो तो निव्वळ धुराने नाही. दुसरा आकडा जागतिक आजारभाराच्या अंदाजांतला. जगातल्या दम्याच्या एकूण भारापैकी साधारण १३ टक्के भारतात, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त. यातले बहुतेक मृत्यू मोठ्या माणसांचे, हे खरं. पण ही मोठी माणसं पंप लपवायला कोणत्या वयात शिकली असतील? स्वीडन, ब्रिटन, न्यूझीलंड इथे दमा आपल्यापेक्षा जास्त आणि मृत्यू कमी, कारण तिथे रोजचं औषध माणसापर्यंत पोचतं. फिनलंडने १९९४ ते २००४ या दहा वर्षांत नर्स आणि औषध दुकानदार यांना शिकवून दम्यासाठी रुग्णालयात काढाव्या लागणाऱ्या दिवसांची संख्या निम्म्याहून खाली आणली. तिथली हवा त्या दहा वर्षांत जादूने बदलली नव्हती.

इथे पहिल्या बाजूचे माझे मित्र म्हणतील, म्हणजे शेवटी तुम्ही हवेवरून लक्ष काढून घेतच आहात. नाही. मला त्यांना एक हत्यार द्यायचं आहे, जे त्यांनी अजून उचललेलं नाही. २००७ मध्ये जेन क्लाउअर्टी आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनच्या पूर्व भागातल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड आणि दमा यांचा संबंध तिथे ठळकपणे दिसला तो हिंसेच्या सावटात वाढणाऱ्या मुलांमध्ये. धूर साऱ्यांच्या वाट्याला होता, पण तो चावला ताणाखाली असलेल्या लेकरांना. व्हँकुव्हरला एडिथ चेन यांनाही धूर आणि घरचा ताण एकमेकांत गुंतलेले दिसले, मात्र तिथे ताणाचा परिणाम कमी धुराच्या भागात जास्त ठळक होता. त्यांनीच ग्रेगरी मिलर यांच्यासह २००६ मध्ये दमेकरी मुलांच्या रक्तातल्या पेशी तपासल्या. घरात दीर्घकाळचा ताण आणि त्यावर एखादा मोठा आघात अशी दुहेरी झळ बसलेल्या मुलांमध्ये, तशी झळ न बसलेल्या दमेकरी मुलांच्या मानाने, स्टेरॉइडला प्रतिसाद देणाऱ्या रिसेप्टरच्या, म्हणजे पेशीतल्या औषध पकडणाऱ्या जागेच्या, जनुकाचं काम ५.५ पट कमी आणि झटक्यात घ्यायचं साल्ब्युटामॉल ज्यावर चालतं त्या रिसेप्टरच्या जनुकाचं ९.५ पट कमी आढळलं. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ताण हा पेशीपर्यंत उतरतो आणि औषधाची दारंच कमी करतो. लॅन्सेटमध्ये २००० साली सँडबर्ग यांच्या गटाने दाखवलं होतं की घरातल्या मोठ्या आघातानंतरच्या आठवड्यांत मुलांच्या झटक्यांचा धोका वाढतो, आणि घरात आधीचाच ताण असेल तर आणखी वाढतो.

मग हवेचे निकष ठरवताना आपण कोणत्या मुलाचं फुप्फुस समोर धरतो? बाप राख वाहणाऱ्या ट्रकवर, कर्जाचा हप्ता थकलेला, दोन खोल्यांत सात माणसं, अशा घरातलं मूल आणि सिव्हिल लाइन्समधलं मूल एकाच आकड्याची धूळ ओढतात तेव्हा त्यांना एकसारखी इजा होत नाही. वीज केंद्राच्या कडेला जी वस्ती असते ती बहुधा गरिबांचीच असते. म्हणजे जिथे धूर सर्वांत दाट, तिथेच तो सर्वांत जास्त लागणारी लेकरं. हे म्हणणं जनसुनावणीत मांडायचं असेल तर घरातल्या ताणाबद्दल बोलावंच लागेल, त्याची नोंद ठेवावी लागेल. मन हा शब्द वर्ज्य करून आपण आपलाच सर्वांत जोरदार पुरावा हातचा घालवतो आहोत.

दुसरा आक्षेप अभ्यासूंचा आहे आणि तो सरळ आहे. मानसोपचारांनी मुलांचा दमा सुधारतो याचे पुरावे कच्चे आहेत. उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००५ च्या आढाव्यात अशा १२ अभ्यासांची छाननी झाली आणि ठाम निष्कर्ष काढता आला नाही. मी हे पूर्ण मान्य करते. दर दमेकरी मुलाला समुपदेशकापुढे बसवा असं मी म्हणतच नाही. पण त्याच पद्धतीने मुलांना आणि पालकांना दमा सांभाळायला शिकवण्याच्या ३२ चाचण्या तपासल्या गेल्या तेव्हा शाळा बुडणं कमी झालं, तातडीने दवाखान्यात धावणं कमी झालं, श्वासाची ताकद वाढली. अमेरिकेत रोचेस्टरला जिल हॉल्टरमन यांनी आणखी सोपं केलं. रोजचं प्रतिबंधाचं औषध शाळेत, शाळेच्या नर्सच्या हातून. लक्षणांशिवायचे दिवस वाढले. यात मनाचं खोदकाम कुठे आहे? फक्त थकलेल्या आईच्या डोक्यावरचं एक काम दुसऱ्या कोणीतरी उचललं.

हे सगळं अमेरिकेतलं, आपली एकत्र कुटुंबं वेगळी, असंही म्हटलं जातं. वेगळी आहेतच. आपल्याकडे औषध द्यायला चार हात असतात आणि ते थांबवायलाही चार तोंडं असतात. सून पंप आणते, सासू लपवते, मामा सांगतो आमच्या पोराचा केळी बंद केल्यावर गेला, शेजारीण सांगते दही बंद करा. मग मूल केळी, दही, संत्री सगळं सोडतं आणि ज्या कूलरचा बुरशी धरलेला वाळा त्याच्या तोंडावर रात्रभर वारा फेकतो तो तसाच चालू राहतो. संत्र्याच्या गावात संत्रं बंद केलेली कितीतरी लेकरं मी पाहिली. कुटुंब वेगळं आहे म्हणूनच आपला अभ्यास आपण करायला हवा. मेडिकलमध्ये रुग्ण आहेत, एम्स आहे, समाजकार्याची महाविद्यालयं आहेत. अडचण इच्छेची आहे.

चुलीच्या धुरात वाढलो म्हणणाऱ्यांना माझं थोडक्यात सांगणं. तुमच्याच पिढीत ज्यांना ‘बाळदमा’ म्हणून पाटावर बसवून ठेवलं, ज्यांची शाळा सुटली, जी गेली, ती आज तुमच्याशी वाद घालायला नाहीत. आणि आईच्या फाजील काळजीबद्दल बोलण्याआधी दमेकरी मुलाच्या उशाशी एक रात्र काढा. त्याच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाताना पाहा. आईच्या मनाची उदासी आणि मुलाच्या तातडीच्या फेऱ्या यांचा संबंध संशोधनात पुन्हा पुन्हा दिसतो. तो दोन्ही दिशांनी वाहतो. तीन वाजता उठलेली, सहाला डबा करणारी, वर टोमणे ऐकणारी बाई उदास होणार नाही तर काय? तिला विचारायचं ते ‘तू काय चुकवलंस’ असं नव्हे. ‘तुला झोप मिळते का, आणि तुझ्या हातातलं कोणतं काम आम्ही घेऊ’ असं विचारायचं.

शाळांबद्दल माझ्याच व्यवसायातल्या लोकांशी मला कडक बोलावं लागेल. मुलाचा पंप ऑफिसच्या कुलूपबंद कपाटात ठेवायचा नियम मी पाहिला आहे. झटका येतो मैदानावर, चावी असते बाईंच्या पर्समध्ये, आणि बाई असतात सुट्टीवर. पीटीच्या तासाला दमेकरी मुलाला कायमचं झाडाखाली बसवतात. ते काळजीने केलेलं असतं हे मला माहीत आहे, पण नीट औषधावर असलेलं मूल पळू शकतं, त्याने पळावं. झाडाखाली बसलेल्या मुलाला इतर मुलं जी नावं देतात ती त्याला दहावीपर्यंत चिकटतात, आणि मग ते चारचौघांत पंप काढायचं बंद करतं. अ‍ॅलर्जीच्या सर्दीकडे तर कोणी पाहतही नाही. ब्रिटनमध्ये २००७ च्या अभ्यासात दिसलं की परीक्षेच्या दिवसांत त्या सर्दीची लक्षणं असणाऱ्या मुलांची श्रेणी सराव परीक्षेपेक्षा घसरण्याचा संभव ४० टक्क्यांनी जास्त होता. आपली बोर्डाची परीक्षा येते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानगळीच्या आणि धुळीच्या दिवसांत. रात्रभर नाक चोंदलेल्या मुलाला आपण ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणतो.

यासाठी नवं खातं उघडायची गरज नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा येतात. ज्या ३० दोषांसाठी आणि आजारांसाठी ती मुलं तपासतात त्यांत श्वासनलिका आवळण्याचा आजार आहे. म्हणजे नोंद करायची जागा सरकारने आधीच केली आहे. त्या नोंदीखाली चार प्रश्न वाढवा. औषध घरात कोण देतं, पंप कुठे ठेवलेला असतो, गेल्या महिन्यात छातीमुळे शाळा किती दिवस बुडाली, आईला रात्री किती वेळा उठावं लागतं. पथकातल्या नर्सने तिथेच मुलाच्या हातात स्पेसर देऊन, मास्क टेकवून, सावकाश पाच श्वास घ्यायला लावून दाखवावेत. प्रत्येक शाळेत एक पंप आणि एक स्पेसर कुलपाबाहेर असावा, आणि तो वापरता येणारी किमान दोन माणसं. दमा, राख, वस्ती आणि बुडालेले दिवस यांची वॉर्डवार मांडणी महापालिकेने आणि जिल्हा परिषदेने दरवर्षी जाहीर करावी, नीरीसारख्या संस्थेने ती हवेच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावी. आणि ज्या मुलाच्या कार्डावर रात्रीच्या जागरणाची नोंद होईल, त्याच्या घरी महिन्याच्या आत आशाताईने जावं. टीबीच्या रुग्णाकडे ती आजही जातेच.